बिननाकाच्या माणसांचा पेंटर

सदोबा पेंटरला मी पहिल्यांदा पाहिला तो एका मयताच्या घरी. आमच्या चाळीतले म्हातारे सावळे वारले होते. अंगणात माणसं गोळा झाली होती, धाकटा मुलगा खांबाला टेकून रडत होता. तेवढ्यात काळा कोट आणि मळकं धोतर घातलेला, कानावर खडू ठेवलेला एक उंच माणूस त्याच्याजवळ गेला. त्यानं मुलाच्या पाठीवरून हात फिरवला, दोन शब्द सांत्वनाचे बोलला, आणि मग धोतराच्या सोग्यात झाकलेली पाटी काढून त्याच्यासमोर धरली.

"हे काय?"

मुलानं हुंदका आवरून पाटीकडं पाहिलं. "बैल," तो म्हणाला आणि पुन्हा रडू लागला.

"बैलच," असं म्हणून सदोबानं समाधानानं मान हलवली आणि खांदा द्यायला पुढं झाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शेजाऱ्याला विचारलं, हा कोण शहाणा? तर तो म्हणाला, "मिलमधला चितारी आहे. डोक्यानं थोडा असा आहे, पण माणूस सोन्यासारखा."

पुढच्याच महिन्यात त्याच मिलच्या टाइम ऑफिसात मी कारकून म्हणून लागलो आणि माझ्या शेजारच्या खोलीत, रंगाच्या डब्यांत बसलेला, हाच मनुष्य निघाला. करमाळ्याहून नुकताच आलेला मी. सोलापुरात ओळख ना पाळख. त्यानं मला बघताक्षणी पाटी दाखवली. तीवर चार रेघा होत्या. मी म्हणालो, "खाट." तो म्हणाला, "टैमवाले, ही म्हैस हाय. पण चूक तुमची न्हाय, माजी हाय." आणि पाटी पुसून टाकली. त्या दिवसापासून मी टैमवाले झालो. माझं खरं नाव त्याला शेवटपर्यंत ठाऊक होतं की नव्हतं, देव जाणे.

ही पाटी म्हणजे सदोबाचा श्वास होता. न्हाव्यापुढं अर्धी हजामत झालेली असताना तो न्हाव्याला विचारी. भाजीवालीला विचारी. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसून, पाळणा वर गेला असता समोरच्या अनोळखी बाईला त्यानं पाटी दाखवली होती आणि ती बिचारी डोळे गच्च मिटून "मला खाली उतरवा" एवढंच ओरडत होती. कमीत कमी रेघांत जास्तीत जास्त माणसांना एकच गोष्ट कळली पाहिजे, हे त्याचं वेड. ज्याला लिहिता-वाचता येतं त्याचं मत तो घेत नसे. "तुमचं डोळं अक्षरानं बिघडल्यात," असं मला तोंडावर सांगे. मला पहिल्या दिवशी विचारलं तेही, मी नवा असल्यानं, वाया गेलेला प्रयोग म्हणूनच.

मिलमध्ये येण्यापूर्वी तो तसबिरी काढत असे आणि तो धंदा त्याच्या नाकानं बुडवला. म्हणजे दुसऱ्याच्या नाकानं. शुक्रवार पेठेतल्या एका व्यापाऱ्यानं आपल्या कैलासवासी वडिलांची मोठी तसबीर काढायला दिली. सदोबानं पगडी काढली, उपरणं काढलं, हातातली जपमाळ मण्यांसह काढली. चेहऱ्याच्या जागी नुसता गव्हाळ रंगाचा गोल. व्यापारी म्हणाला, "नाक-डोळे कधी काढणार?" सदोबा म्हणाला, "झालं की. असं ठेवलं तर ह्यो समद्यांचा बाप हाय. नाक काढलं की तुमचा एकट्याचा." व्यापाऱ्याला आपला बाप एकट्याचाच हवा होता. त्यानं तसबीर रस्त्यावर भिरकावली आणि पेठेत बोंब झाली. त्यानंतर कुणीही सदोबाकडं पूर्वज सोपवला नाही.

"नाक काढलं की माणूस कुनाचा तरी हुतो," हे वाक्य मी त्याच्या तोंडून हजार वेळा ऐकलं असेल. त्याच्या घरी, साखर पेठेतल्या दोन खोल्यांत, भिंतींवर बिननाकाची माणसं, बिननाकाचे देव, बिननाकाची पोरं. त्याची बायको ठकूबाई करकंबची. तिला एका अक्षराचीही ओळख नव्हती आणि म्हणून सदोबाच्या दरबारात तिचाच शब्द शेवटचा. भाकरी थापता थापता ती पाटीकडं एक नजर टाकी आणि "कोंबडं" किंवा "काय बी न्हाय" असं सांगून मोकळी होई. "काय बी न्हाय" आलं की सदोबा जेवत नसे.

अशा माणसाला आमच्या मिलसारखी दुसरी जागा मिळाली नसती. मराठी, तेलुगू, कानडी, दखनी, चार भाषा एका छपराखाली नांदत होत्या आणि वाचता येणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. सदोबाला ठेवला होता कापडाच्या गाठींवर नंबर रंगवायला आणि पाट्या लिहायला. अक्षर त्याचं सुरेख, पण त्याला त्याचा अभिमान नव्हता. त्याची पहिली संधी आली ती संडासामुळं.

झालं असं की नवीन संडास बांधले आणि बायकांचे कुठले, पुरुषांचे कुठले, यावरून रोज आरडाओरडा. सदोबानं एका दारावर फेटा काढला, दुसऱ्यावर लुगडं. दोन दिवसांत गोंधळ थांबला. तो छाती काढून हिंडत होता तोच यंत्र बसवायला आलेला विलायती इंजिनियर, डोक्यावर मोठी हॅट, त्या बाजूला गेला. त्यानं फेटा पाहिला, लुगडं पाहिलं, हे दोन्ही आपण नव्हे असं ठरवलं आणि तिसऱ्या दारात शिरला. ते केरसुण्यांचं कोठार होतं. पुढचं मी लिहीत नाही. मॅनेजर साहेबांनी सदोबाला बोलावून घेतलं तेव्हा ते हसत होते की चिडले होते हे आम्हाला दाराबाहेरून कळेना.

सदोबा चार दिवस डोकी बघत हिंडला. फेटा, रुमाल, पगडी, काळी टोपी, गोंड्याची लाल टोपी, हॅट. "टैमवाले, ह्या गावात एका डोक्याचं दुसऱ्याशी जमत न्हाय." पाचव्या दिवशी त्यानं सगळी डोकीच पुसली आणि पांढऱ्या दारावर फक्त एक झुपकेदार मिशी रंगवली. नाक नाही, तोंड नाही, नुसती मिशी. साहेबांना मिशी होती, इंजिनियरला होती, जॉबरला, म्हणजे मुकादमाला, होती. सगळ्यांना पटलं. मी तेव्हा सफाचट असे. म्हटलं, "सदोबा, आणि मी कुठं जायचं?"

"तुमी घरी जावा," तो म्हणाला.

मी त्याच आठवड्यात मिशी ठेवली, ती आजतागायत आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसलो, ती सांगतो. सूत गुंडाळायच्या खात्यात सगळ्या बायका. तिथं यंत्राच्या टोकाला दोन दातेरी चाकं उघडी फिरत. त्यांच्यात सूत अडके. सगळी यंत्रं फिरवणारा पट्टा थांबवून ते काढायचं, असा नियम. पण पट्टा थांबवला की सगळ्यांचंच काम थांबे आणि जॉबर हुसेनभाई ओरडे. म्हणून बायका चालत्या चाकातूनच सूत ओढून घेत. चाकांना लोखंडी झाकण यायचं होतं. ते विलायतेहून निघालं आहे असं मी नोकरीला लागलो तेव्हा सांगत होते आणि नंतरही सांगत राहिले. तोवर चाकांच्या वर एक पाटी लावली होती: पट्टा थांबवल्याशिवाय हात घालू नये. तीन लिप्यांत. अक्षर सदोबाचं.

नरसम्मा त्या खात्यातली सगळ्यांत चलाख बाई. पूर्व भागातल्या तेलुगू विणकराच्या घरची, तिशीची, बोलायला फटकळ. रोज सकाळी कामाला लागण्यापूर्वी ती त्या पाटीला हात लावून तो कपाळाला लावी. अक्षर म्हणजे सरस्वती, तिला पाय लागू नये आणि हात लावल्याशिवाय पुढं जाऊ नये, एवढं तिला घरात शिकवलेलं. पाटीवर लिहिलंय काय हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. एका दुपारी त्याच पाटीखाली तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

दवाखान्यातून आल्यावर तिला आवार झाडायला ठेवली. सदोबा त्या दिवशी माझ्या खोलीत येऊन बसला. पाटी जवळ नव्हती. "माजी पाटी हुती ती, टैमवाले," तो म्हणाला. "लई झ्याक अक्षर आलं हुतं. ती रोज पाया पडायची आन मला बरं वाटायचं." मी हजेरीचं पुस्तक उघडून बसलो, याची मला अजून लाज वाटते.

त्यानं साहेबांकडं जाऊन ती अक्षरं काढून टाकायची परवानगी मागितली आणि त्या जागी चित्र काढलं. लाल रंगाचा, पसरलेला, हाताएवढा हात. सरळ पाच बोटं, एकही जादा रेघ नाही. थांब, हात आवर, असं त्याला सांगायचं होतं. पंधरा-वीस जणांना त्यानं पाटीवर विचारून घेतलं होतं. सगळ्यांनी "हात" म्हणून सांगितलं होतं. सदोबाला वाटलं, जिंकलो.

तिसऱ्या दिवशी मी हजेरीच्या फेरीवर गेलो तर त्या हाताला हळदकुंकू लागलेलं. पाचव्या दिवशी खाली उदबत्ती. आमच्या मराठी बायकांना तो लग्नघराच्या दारावर उमटवतात तो शुभ हात वाटला. तेलुगू बायकांना देवीचा. हुसेनभाईंनी तर त्या पाटीला हिरवा दोरा बांधला. "पंजा है मियाँ," ते मला म्हणाले, "मोहरम में इसकूच तो सब आते. हिंदू भी आते." गावात पंजे बसले की खरंच सगळ्या जातींची माणसं नवस बोलायला येत, त्यामुळं त्यांचंही चुकलं नव्हतं. आणि आता रोज सकाळी खात्यातल्या झाडून साऱ्या बायका रांग लावून आपला तळवा त्या लाल तळव्यावर टेकवत आणि मग कामाला लागत. खाली वीतभर अंतरावर चाकं फिरत असत. पूर्वी एक नरसम्मा हात लावायची, आता चाळीस जणी लावू लागल्या.

साहेब फेरीवर आले ते नेमके रांगेच्या वेळी. नारळ फुटला होता. हुसेनभाईंनी अदबीनं त्यांच्याही हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. साहेबांनी तो खाल्ला, आणि मग सदोबाला म्हणाले, "मंदिर बनाया टुम? शनिवार तक ठीक करो, नहीं तो सब टसवीर साफ. संडास का भी. फिर सिर्फ गाठ का नंबर लिखो."

सदोबाला आपल्या चित्रांचं भय नव्हतं. "पुन्ना अक्षरं लावत्याल," एवढंच तो म्हणत राहिला. "पुन्ना त्येच हुईल. दुसऱ्या कुनाची तरी बोटं जात्याल."

घाबरलेल्या माणसाच्या हातून होतं ते झालं. विषारी औषधाच्या बाटलीवरची कवटी आणि खाली दोन हाडं त्यानं जशीच्या तशी हाताच्या जागी काढली. सकाळी बायका आत आल्या, तिच्याकडं पाहिलं आणि बाहेर गेल्या. सगळ्या. आवारात बसून राहिल्या. हुसेनभाई हात जोडून विनवत होते, तर बायका म्हणत, स्मशानात काम करायला आम्ही काय पाप केलंय? दुपारपर्यंत खातं बंद. शेवटी हुसेनभाईंनी लिंबू-मिरच्या आणून कवटीवर टांगल्या, तेव्हा मराठी बायका आल्या. तेलुगू बायका चित्र पुसल्यावरच आल्या. ही गुरुवारची गोष्ट.

त्या संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. सदोबा चुलीपाशी उकिडवा बसला होता. त्यानं पाटीवर पुन्हा तोच साधा हात काढला आणि ठकूबाईपुढं धरला.

"हे काय?"

"हात हाय की."

"कुनाचा?"

असं त्यानं आजवर कधी विचारलं नव्हतं. ठकूबाईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि नीट निरखून पाहिलं. "द्येवाचा असंल," ती म्हणाली. "ना काकण, ना गोंदण, ना कुटं चिरलेलं-भाजलेलं. मानसाचा हात असा असतुय व्हय? द्येवाचा हात दिसला तर बाई पाया पडंल, न्हायतर काय करंल?"

सदोबा जेवला नाही. पण मला त्याचा चेहरा दिसत होता आणि त्याला काय कळलं होतं ते मलाही कळलं. नाक न काढण्यात त्यानं जन्म घालवला होता, आणि आता कुणाचा तरी हात काढायला हवा होता. कुणाचा, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

शुक्रवारी सकाळी तो मला बळेच सोबत घेऊन आवारात गेला. "तुमी नुसतं हुबं ऱ्हावा," म्हणाला. नरसम्मा डाव्या हातानं झाडत होती. उजवा पदराखाली. सदोबानं पाटीच पुढं केली.

"हे काय?"

"पंजा," ती झाडत झाडतच म्हणाली.

सदोबानं अंगठ्यानं त्यातली दोन बोटं पुसली आणि पाटी पुन्हा धरली. "आन हे?"

नरसम्माचा झाडू थांबला. ती पाटीकडं पाहत राहिली. मी एक पाऊल मागं सरलो. खरं सांगायचं तर झाडू डोक्यात बसणार अशी माझी खात्री होती आणि तो माझ्याही डोक्यात बसला असता तरी मी तक्रार केली नसती. सदोबा मात्र हलला नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते तो पुसतही नव्हता.

तिनं झाडू भिंतीला टेकवला. पदराखालून हात काढून त्याच्यासमोर धरला.

"असं नको, मामा," ती म्हणाली. "हे पण कुनाचं बी वाटतंय. बांगडी काढ, हिरवी. हे गोंदण काढ, विंचू. हितं भाजलेलं आहे बघ, ते पण काढ. नरसम्माचं हात आहे म्हणून कळायला पायजे. नाहीतर ह्या बायका याची पण पूजा करतील."

"लोक बगत्याल, पोरी. रोज बगत्याल."

"बघू दे की. मी लपवून बोटं परत येणार काय?"

खात्यातली ती पाटी आणि रंग आणून तो तिथंच जमिनीवर बसला. दोन तास ती हात पुढं करून उभी होती, आणि त्याच्या चुका काढत होती. विंचवाची नांगी इकडं नाही, तिकडं. बांगड्या चार नाहीत, पाच. शिवलेल्या जागी तो वण झाकणारा हलका रंग लावू लागला तेव्हा ती ओरडली, "खोटं नको काढू!" इतकं बारकाईचं चित्र सदोबानं जन्मात काढलं नव्हतं. तोंडानं तो सारखा "व्हय, व्हय" म्हणत होता.

शनिवारी भोंगा झाला. बायका रांगेनं आत आल्या, साहेब दारात उभे होते. पहिल्या बाईनं सवयीनं तळवा उचलला आणि चित्राकडं नेला. मधेच थांबला तो. तिनं विंचू पाहिला, बांगड्या पाहिल्या. "अय्यो, नरसम्मा!" असं ओरडून तिनं हात मागं घेतला आणि दुसऱ्या हातानं धरून पोटाशी लपवला. मागची पुढं आली, तिनंही तेच केलं. एकेक जण येई, बघे, आणि आपली बोटं मुठीत आवळून जागेवर जाई. त्या दिवशी दहा वेळा पट्टा थांबला. हुसेनभाई एकदाही ओरडले नाहीत. साहेबांनी टोपी काढली, का ते मला माहीत नाही, आणि निघून गेले. मी खिडकीकडं तोंड करून उभा राहिलो.

सदोबा गाठींच्या ढिगामागं बसला होता. मी सांगायला गेलो, तर म्हणाला, "जमलं न्हाय, टैमवाले. साध्या हातानं जमाय पायजे हुतं." पुढं दुसऱ्या खात्यांतून, दुसऱ्या मिलमधून पेंटर येऊन ते चित्र उतरवून घेऊन गेले. त्यांच्याकडं विंचवाचं झुरळ झालं, बांगड्या गेल्या, पण बोटं तीनच राहिली. झाकणही पुढं कधीतरी आलं. ते चाकांना बसेना.

काही वर्षांनी माझी बदली बार्शीला झाली. त्यानंतर पुष्कळ वर्षांनी एकदा कामासाठी सोलापूरला आलो असता संध्याकाळी मिलच्या फाटकावरून चाललो होतो. पाळी सुटायची वेळ. फाटकापाशी दगडावर सदोबा बसला होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, दिसणं जवळजवळ बंद. शेजारी ठकूबाई. म्हटलं, कुणाची वाट बघता? ठकूबाई म्हणाली, "रोज येत्यात. मोजल्याबिगर ह्यास्नी घास गिळत न्हाय."

भोंगा झाला. सूतखात्यातल्या बायका बाहेर आल्या आणि फाटकापासून दगडापर्यंत त्यांची रांग लागली. एकेक जण येऊन दोन्ही हात सदोबाच्या हातांत देई. तो बोटं चाचपून मोजी, "धा," म्हणे आणि सोडून देई. कुणी चेष्टेनं एक बोट मुडपून धरी, तर तो दचके आणि ती हसत सुटे, मग ठकूबाई तिला शिव्या घाली. माझा आवाज ऐकून त्यानं माझेही हात ओढून घेतले. "धा," म्हणाला. "टैमवाले, तुमच्या बोटास्नी काय बी धाड भरली न्हाय."

रांगेच्या शेवटी झाडू खांद्यावर टाकून नरसम्मा आली. केस पांढरे झाले होते. तिनं झाडू खाली ठेवला आणि उजवा हात त्याच्या हातावर ठेवला. सदोबानं तो दोन्ही हातांत धरून ठेवला, पण बोटं मोजली नाहीत.

"मोज की, मामा," ती म्हणाली. "मी पण कामाला आहे."

सदोबानं तिचा दुसराही हात घेतला आणि अंगठ्यापासून एकेक बोट चाचपत, सावकाश, मोठ्यानं मोजू लागला. आठावर आला. जिथं पुढची दोन असायची तिथं त्यानं अंगठा टेकवला आणि तसाच बसून राहिला.